धाकटीच्या दिराच्या निषिद्ध विद्या

जगात ज्या ज्या गोष्टींना बंदी आहे, त्यांची आमच्या धाकटीच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, दिराइतकी काळजी बंदी घालणाऱ्यांनीसुद्धा कधी केली नसेल. हा माणूस पोटासाठी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लिफ्टचे नकाशे काढतो आणि उरलेल्या वेळात जादूवर बंदी घालतो. जादू खरी नव्हे, खेळातली, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झालेला आहे. चार-पाच जणांनी गोल करून बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, कुणी तलवारवाला, कुणी चोर, कुणी मांत्रिक. आणि केलेला बेत जमला की फसला हे फासे टाकून ठरवायचं, असा तो रोल-प्लेइंग गेम. फाशाला वीस बाजू असतात. मला पहिल्यांदा त्याने तो दाखवला तेव्हा मी म्हटलं, अरे, म्हणजे मोठ्यांची भातुकलीच की ही. त्याला राग नाही आला. त्याला राग येतच नाही, तोच तर त्याचा मोठा दोष आहे. तो शांतपणे म्हणाला, "दादा, भातुकलीत पण नियम असतात. फक्त ते कुणी सांगत नाही, म्हणून शेवटी भांडणं होतात."

आता डॉक्टरांत जसा कुणी हाडांचा, कुणी डोळ्यांचा, तसं या खेळातल्या मांत्रिकांचंही असतं. कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी जखमा भरणारा. आमच्या या गृहस्थाला त्यात काडीचा रस नाही. त्याला रस त्या शाखांत, ज्या शिकवायला खेळातल्या मांत्रिकांच्या गुरुकुलात सक्त मनाई आहे. अशा शाखा तो स्वतः तयार करतो. त्याचं म्हणणं असं की बाकीचे लोक इथे भयंकर आळशीपणा करतात. काळे झगे, दोन कवट्या, थोडा हिरवा धूर, की झाली यांची निषिद्ध विद्या. "दिसायला घाण आहे म्हणून कुणी बंदी घालत नाही दादा," तो मला समजावतो, "आणि जी वापरावीशीच वाटणार नाही तिच्यावर बंदी कशाला? चांगल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. मग त्याला किंमत सांगायची. किंमत ऐकून तो स्वतःच थांबला, तर ती विद्या जमली." हे सगळं तो लिफ्टवरून शिकला म्हणे. लिफ्टमध्ये आठ माणसांची पाटी असते, ती आठाला दोर तुटतो म्हणून नसते, नववा घुसणारच हे माहीत असतं म्हणून असते. त्यामुळे कुठल्याही लिफ्टमध्ये शिरला की हा आधी पाटी मोठ्याने वाचतो आणि सगळ्यांकडे एक नजर टाकतो. एकदा कल्याणला आम्ही धाकटीच्या डॉक्टरकडे निघालो होतो, तर एक बरे भारदस्त गृहस्थ आत आले. याने पाटी वाचली, गृहस्थांकडे पाहिलं, नमस्कार केला आणि स्वतः उतरून जिन्याने गेला. मी कपाळावर हात मारला. पण आमच्या आधी तोच पोचला, कारण आमची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकून बसली होती.

त्याच्या विद्या तो हवेत करत नाही, हीच तर पंचाईत आहे. प्रत्येक विद्येसाठी त्याला खरी माहिती लागते, आणि ती तो नातेवाइकांकडून काढतो. झोपचोरी नावाची त्याची एक शाखा आहे. तिच्यात मांत्रिक गावाची झोप काढून घेतो आणि स्वतः कधी थकत नाही. आता झोप नसलेल्या घरात माणसं कशी वागतात हे कळायला हवं. नेमकं तेव्हाच धाकटीला बाळ झालेलं. हा मदतीला म्हणून त्यांच्या कल्याणच्या घरी जाऊन राहिला. मदत केलीही त्याने, दुपटी धुतली, भांडी घासली, नाही असं नाही. पण पहाटे धाकटी बाळाला खांद्यावर टाकून फेऱ्या मारत असली की हा समोर स्टुलावर बसून विचारायचा, "वहिनी, आत्ता तुम्हाला जास्त राग कुणाचा येतोय? रडतोय त्याचा, की आत घोरतोय त्याचा?" धाकटी म्हणाली, "आत्ता तुमचा, भावजी." हा आनंदाने उठलाच. त्यातून त्याचा नियम निघाला: ज्यांची झोप चोरली जाते ते चोराला शोधायला जातच नाहीत, जवळ जो सापडेल त्याच्याशी भांडतात. पुढे खेळात त्या विद्येने एक अख्खं राज्य भावाभावांत भांडून संपलं आणि मांत्रिकाचं नाव कुणाला कळलंसुद्धा नाही. धाकटीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, राज्याचं सोड, आमचं लग्न मोडायला आलेलं.

बारशाला तर त्याने कमालच केली. नाव पुसून टाकणारी एक विद्या तेव्हा त्याच्या डोक्यात होती. पाळण्यापाशी त्याची चुलत बहीण, म्हणजे बाळाची आत्या, कानात नाव सांगायला वाकली, आणि हा मागून हळूच म्हणतो, "ताई, तू सांगितलंस आणि बाकीच्यांनी ऐकायच्या आत बाळ ते विसरलं, तर मधल्या वेळात ते नाव कुणाचं?" ती बिचारी सरळ बाई. तिने विचार केला. विचार करता करता ठरलेलं नाव तिच्या डोक्यातून जे गेलं ते गेलंच, आणि बायका पाठीत धपाटे घालत होत्या म्हणून घाबरून तिने तोंडाला आलं ते नाव सांगून टाकलं. माझ्या भाच्याचं शाळेतलं नाव आज तेच आहे. चांगलं आहे तसं. पण धाकटीने त्यानंतर वर्षभर दिराला कुठल्याही कार्यक्रमात पाळण्याच्या, भांड्यांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या जवळ बसू दिलं नाही.

लग्न झालेलं नाही त्याचं. चाळिशी आली. स्थळं आम्ही आणली नाहीत असं नव्हे. अंबरनाथची एक मुलगी बघायला मी स्वतः त्याला घेऊन गेलेलो. पोहे आले, चहा आला, मुलीच्या मामांनी विचारलं, "नोकरी कळली. बाकी छंद वगैरे?" मी गुडघ्याने गुडघा दाबला, पण हा सुरू झालाच: "मी निषिद्ध विद्यांवर काम करतो." मामांना वाटलं पेपरफुटीचं काहीतरी प्रकरण आहे. ते खुर्ची मागे घेऊन बसले. मग याने सगळं नीट समजावलं, आणि ती मुलगी, शांत, एवढा वेळ खाली बघत होती, ती एकदम म्हणाली, "किंमत मांत्रिकाने दिली तर ठीक आहे. पण ती त्याच्या घरच्यांना द्यावी लागली तर? त्यांना कुणी विचारतं का?" हा पोह्यांची बशी हातात घेऊन तसाच थांबला. घरी जाऊन त्याने सगळ्या विद्यांचे नियम मोडून पुन्हा केले, की घरच्यांच्या संमतीशिवाय किंमत लागूच पडणार नाही. त्या कामात इतका बुडाला की पसंती कळवायची राहून गेली, आणि आम्ही फोन करेपर्यंत मुलीचं दुसरीकडे ठरलं होतं. अजून कधी विषय निघाला की म्हणतो, फार हुशार मुलगी होती दादा. अरे मग, मी ओरडतो, लग्न का नाही केलंस? तर म्हणतो, "राहूनच गेलं."

तर असा हा माणूस कोपरीत एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो, तो आणि त्याचे वडील, दोघंच. आई गेली त्याला काही वर्षं झाली. वडिलांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, पण ती त्यांची नोकरी झाली. त्यांचं काम वेगळं होतं. उभं आयुष्य या माणसाने बुवाबाजीच्या मागे लागून काढलं. कुणाच्या अंगात आलं की आबा हजर. कुणाच्या दारात उतारा टाकला की आबा तो उचलून त्यातला नारळ फोडून सगळ्यांच्या देखत खाणार. वस्तीत, विहारात, बिल्डिंगच्या गच्चीवर हातावर कापूर जाळून दाखवायचे आणि मग तासभर बोलायचे. आवाज असा की माइक बंद पडला तरी चालतं. आमच्या दोन्ही घरांत देवाधर्माचं, करणी-भानामतीचं नाव काढायची कुणाची छाती नाही. आणि अशा माणसाच्या पोटी हा मुलगा, जो दर रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत बसून म्हणतो, "थांब, त्याचा आत्मा बांधायला रक्त कुणाचं लागेल ते आधी बघू."

आबांनी हे इतकी वर्षं चालवून घेतलं, कारण त्यांच्या लेखी तो पोरखेळ होता. खेळायला येणारी मुलं नोकरीची, कॉलेजची, चांगल्या घरची. डोंबिवलीची एक फार्मसीवाली मुलगी, माजिवड्याचा एक आयटीवाला, आणखी दोघं-तिघं. आबा त्यांच्याबरोबर चहा प्यायचे, कापराचं शास्त्र सांगायचे आणि आत जाऊन पेपर वाचायचे. मुलाला मात्र येता-जाता ऐकवायचे की डोकं चांगलं आहे, वाया घालवतो आहे. आता घोळ कसा झाला तो ऐका. या खेळाला नकाशा लागतो आणि नकाशावर ठेवायला बाहुल्या लागतात. त्या विकत मिळतात. पण याचं म्हणणं, लसणाच्या पाकळीला बघून राक्षस समजण्यातच मजा आहे. म्हणून हा जमिनीवर खडूने मोठं रिंगण आखतो, आत चौकोन पाडतो, आणि घरात असेल ते मांडतो. लसूण म्हणजे सैनिक, सुकी मिरची म्हणजे आग, लिंबू म्हणजे मांत्रिक, कारण लिंबाचं नंतर सरबत होतं. आणि उकडतं म्हणून दार सताड उघडं. आता तुम्हीच सांगा, जिना चढून येणाऱ्या माणसाने काय समजायचं? खडूचं रिंगण, मध्ये लिंबं, चारी दिशांना मिरच्या, भोवती पाच माणसं मांडी घालून, आणि एकजण गंभीर आवाजात विचारतोय, "त्याचं मन वळवायला तू काय द्यायला तयार आहेस?"

लोकांनी समजायचं तेच समजलं. आधी कुजबुज झाली. मग मागच्या चाळीतली एक बाई मुलाची दहावी आहे म्हणून येऊन गेली. मग एक रिक्षावाला रिक्षा सारखी बंद पडते, काही बाधा आहे का, विचारायला आला. याने दोघांना समजावून परत पाठवलं, पण समजावून सांगणारा मांत्रिक म्हणजे लोकांच्या नजरेत आणखी पोचलेला. आणि एका सकाळी आबा दूध घ्यायला दार उघडतात तो उंबऱ्यावर नारळ, अगरबत्ती आणि फुलं. कुणीतरी भक्तिभावाने ठेवलेली. आबांनी तो नारळ उचलला, आत आणून मुलाच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या दारातले नारळ मी उचलले. आज माझ्या दारात नारळ आला, आणि तो माझ्या पोरामुळे आला. या घरात एक तर ती जादू राहील, नाहीतर मी."

धाकटीचा मला लगेच फोन. "दादा, आबा बॅग भरतायत. आमच्याकडे कायमचं येतो म्हणतात. मला त्यांचं काही जड नाही रे, पण त्या घरातून ते निघाले तर भावजींचं काय होईल, आणि त्यांचं तरी काय होईल? कोपरी सोडून ते जगायचे नाहीत. तू जा आणि काहीतरी कर." आता मी काय करणार? मी बँकेत कारकुनी केलेला माणूस, मला दोघांपुढे कोण विचारतो. पण सोयरे म्हणून जाणं भाग होतं. रविवारी दुपारी डोंबिवलीहून निघालो आणि जिना चढून वर गेलो, तर बाहेरच्या खोलीत हा एकटाच. मुलांना त्याने येऊ नका म्हणून सांगितलं होतं. लसूण-मिरच्या उचलत जमिनीवरचं रिंगण ओल्या फडक्याने पुसत होता. "बंद करतोय दादा," तो म्हणाला. "घरच्यांची संमती नसेल तर किंमत लागू होत नाही, हा माझाच नियम आहे." हसायला गेला, पण जमलं नाही त्याला. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं, आणि आत आबा कपाट उघडत होते, बंद करत होते.

तेवढ्यात समोरच्या मावशी आल्या. या कुडाळकडच्या, ठाण्यात जन्म गेलेला, बोलायला चोख. पण आतून काही दुखलं की मालवणीवर जातात. त्यांनी आत कुणाला बघितलं नाही, मला बघितल्याचं दाखवलं नाही, सरळ त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "सगळ्यांचं करतोस, माझं एक कर. माझो झील माजिवड्याक रवता. रिक्षाने गेलं तर चहा गार होत नाही एवढं अंतर. पण येणा नाय. लग्न झालं आणि पोरगा गेला. सुनेने खाण्यातून काहीतरी घातलंय. तू त्याला ओढून आण." मी मनात म्हटलं, झालं. आत आबांचं कपाट वाजायचं थांबलं होतं. आता हा म्हणणार, मावशी, हा खेळ आहे. तसं तो म्हणालाही. मावशी म्हणाल्या, "असेल खेळ. तू आण." तेव्हा त्याने फडकं बाजूला ठेवलं आणि खेळायला बसलेल्या मुलांना विचारतो तसं, तितक्याच गंभीरपणे विचारलं, "आणला समजा. मग?"

"मग काय. रविवारचा येईल. माझ्या हातचं जेवेल."

"आहे अशी विद्या माझ्या खेळात," तो म्हणाला. "मनवळवणी. तिला बंदी आहे. का ते ऐका, मग ठरवा. तो येईल. जेवेल, आई मासे छान झालेत म्हणेल, जाताना पाया पडेल. पण ते तो म्हणतोय की विद्या म्हणवतेय, हे तुम्हाला कळणार नाही. कधीच नाही. एकदा वापरली की परत घेता येत नाही. पुढे कधी त्याला खरंच तुमची आठवण आली, आणि खरंच तो धावत आला, तरी तुम्हाला वाटणार, हे त्या विद्येमुळेच."

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तो आपणहून इलो, तरी माका समजाचा नाय?" तो म्हणाला, "नाही मावशी." "मग नको रे बाबा," त्या म्हणाल्या, आणि उठायला लागल्या. गुडघे धरलेले, म्हणून याने हात दिला. दारापर्यंत पोचवताना त्याने सहज विचारलं, तुम्ही फोन केलात का त्याला? "मी कशाला करू, त्याने करायला पाहिजे," मावशी फणकारल्या. तो म्हणाला, "हाक मारायला बंदी नाहीये. फुकट आहे ती." मावशींनी त्याच्याकडे जरा रागाने पाहिलं आणि आपल्या घरात गेल्या. पुढे त्यांनी फोन केला की नाही मला ठाऊक नाही. दिवाळीनंतर त्यांच्या दारात मी एकदा मुलाचे बूट आणि सुनेच्या चपला पाहिल्या, आणि आतून तिघांचं कडाक्याचं भांडण ऐकू येत होतं, म्हणजे सगळं रीतसर चाललं असावं.

आबा बाहेर आले. हातात घडी केलेला शर्ट तसाच होता. मला म्हणाले, "बसा पाहुणे," आणि मुलाकडे वळून म्हणाले, "हे सगळं खोटं असतं, असं तिला ठणकावून का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "सांगितलं ना. खेळ आहे म्हटलं, तिने ऐकलं नाही." आबा म्हणाले, "मी असतो तर तासभर सांगितलं असतं." त्याला राग येत नाही हे मी सांगितलंच, पण उलट बोलणंही जमत नाही. मग आबा स्वतःच खुर्चीत बसत म्हणाले, "तिने मान डोलावली असती, चहा प्यायली असती, आणि उद्या दुसऱ्या कुणाकडे गेली असती. माझ्या सभेला सगळ्यात पुढे बसायची ही बाई. कापूर जाळला की टाळ्या वाजवायची." एवढं बोलून ते जमिनीवरच्या अर्धवट पुसलेल्या रिंगणाकडे बघत राहिले. आणि मग त्या माणसाने, ज्याला मी कधी प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं, उत्तरंच देताना ऐकलं होतं, एका पाकळीकडे बोट दाखवून विचारलं, "हा लसूण म्हणजे काय?"

भरलेली बॅग पुन्हा रिकामी झाली. दार मात्र तेव्हापासून खेळताना बंद असतं आणि वर एक पंखा जास्तीचा लावलाय. आबा दर रविवारी खेळायला बसतात, खुर्चीवर, कारण मांडी घालता येत नाही. आणि त्यांनी काय व्हावं? मांत्रिकच झाले. गुरुकुलातला सगळ्यात जुना मांत्रिक, ज्याला प्रत्येक निषिद्ध विद्या येते आणि जो एकही वापरत नाही. मुलं रडकुंडीला येतात. समोर अजगर जबडा वासून उभा, तलवारवाला घायाळ, आणि आबांचा मांत्रिक गावकऱ्यांना गोळा करून सांगतोय की हा कोप नाही, विहीर खोल खणल्यामुळे त्याचं बीळ उघडं पडलं आहे. फार्मसीवाली म्हणते, आबा प्लीज, एक तरी मंत्र टाका. आबा म्हणतात, आधी सभा घेऊ. त्यावर याने गंभीरपणे सभेसाठी फासे टाकायचा नियम केला, आणि आबांचे फासे असे पडतात की अजगर दोनदा तरी सभा ऐकून निघून गेलेला आहे. आयटीवाला म्हणतो, बॉस, ये तो असली जादू है. आबा त्याला मराठीत बोल म्हणतात.

परवाच्या रविवारी मी गेलेलो. मधल्या सुट्टीत मुलं वडापाव आणायला खाली गेली होती. आम्ही तिघंच. आबा हातात फासा घेऊन नुसता फिरवत होते. मग त्याच्याकडे न बघता म्हणाले, "मेलेल्या माणसाला बोलावायची विद्या असते का रे यात?"

"असते. सगळ्यांच्या खेळात असते."

"तुझ्यात?"

"माझ्यात नाही."

"खेळातलं विचारतोय मी," आबा जरा चिडूनच म्हणाले. "खरं असं काही नसतं." तो म्हणाला, माहीत आहे आबा. मला वाटलं विषय संपला. पण तो हळूच बोलायला लागला, "आई गेली तेव्हा बसलो होतो करायला. किंमतच ठरेना. डोळे घेतले, आवाज घेतला, उरलेलं आयुष्य घेतलं. जे काही लावलं ते मीच देऊन मोकळा झालो असतो. माणूस थांबलाच नाही तर ती बंदी कसली? म्हणून ती मी केलीच नाही."

आबांनी फासा खाली ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "बरं केलंस," ते म्हणाले. मुलाच्या या उद्योगाला त्यांच्या तोंडून बरं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तेही त्याने न केलेल्या गोष्टीला. तो मान खाली घालून एक लिंबू एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात सरकवत राहिला, आणि आबा ते कुठे जातंय ते बघत राहिले. मला तिथे बसवेना. पाणी प्यायच्या निमित्ताने मी आत गेलो आणि जिन्यात मुलांचा आवाज येईपर्यंत बाहेर आलो नाही.